चार दिवसांचा अर्ज

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही घरात बाई म्हणतो. बाईची कित्येक वर्षं अशी समजूत होती की मी कुठल्यातरी कंपनीचं दुकान सांभाळतो. चूक तिची नव्हती. माझ्या कार्डावर 'कमर्शियल मॅनेजर' असं छापलेलं होतं, आणि सौसरच्या बाजारात कमर्शियल म्हटलं की लोकांना हॉटेलातलं मोठं गॅस सिलिंडर आठवतं, नाहीतर दुकानाचा विजेचा मीटर. एकदा तिनं विचारलंही होतं, "तुह्या दुकानात पाईपाचा भाव काय लावते रे?" मी नुसता हसलो. समजावून सांगायला हवं होतं. पण समजावून सांगण्याचाच मला पगार मिळत होता, आणि घरी आल्यावर कोण फुकट काम करतं.

खरं तर सांगणं अवघडही होतं. प्रोजेक्टवर चालणारी कंपनी म्हणजे लग्नाचा मांडव. दहा गावची माणसं येतात, कोणी बल्ली रोवतो, कोणी पंगत वाढतो, कोणी नुसता ओरडत फिरतो. कार्य उरकलं की बल्ल्या उपटतात आणि खड्डे तसेच ठेवून जातात. या मांडवात साइट इंजिनिअर खोदतो, फिटर जोडतो, आणि ओरडायचं काम प्रोजेक्ट मॅनेजरकडे असतं. कमर्शियल मॅनेजर कशालाच हात लावत नाही. दुसरं कोणी वाचत नाही तो करार तो वाचतो. पत्रं लिहितो, आलेल्या पत्रांवर शिक्का मारतो. आणि कामाला उशीर झाला की तो कोणामुळे झाला हे शोधून काढतो. आपल्यामुळे झाला नाही हे आधीच ठरलेलं असतं. फक्त 'कोणामुळे' तेवढं बाकी असतं.

हे मी सव्वीस वर्षं केलं आणि चांगलं केलं. ज्या एका पानावरून मला सगळ्यात जास्त शाबासकी मिळाली, त्या पानाबद्दल आज लिहून राहिलो आहे. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी तसा बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुम्हाला बोलतं करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते.

काम पाण्याच्या योजनेचं होतं. धरणातून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि पांढुर्णा-सौसरकडच्या गावोगावी घरात नळ द्यायचा. मी जन्मानं सौसरचा. त्यामुळे कंपनीनं मला नागपूरच्या ऑफिसातून पांढुर्ण्याच्या कॅम्पवर पाठवलं, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगा पन्नाशीत का होईना, घरी आला. योजनेच्या यादीत मोहगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतली एक वस्तीही होती. पाचेक डझन घरं, जवळपास सगळी आमच्या समाजाची, बौद्ध. बाई तिथेच दिलेली. मोठ्या लाइनीपासून वस्तीपर्यंत एक फाटा जायचा होता. नकाशावर तो माझ्या करंगळीएवढाही नव्हता.

वस्तीत पाणी नव्हतं असं नाही. अर्ध्या किलोमीटरवर एका संत्र्याच्या बागेत विहीर होती. बागवाला सज्जन माणूस. मोटर चालू असेल तेव्हा भरू द्यायचा. बाई म्हणायची, "देते थो. नाही कवाच म्हनत नाई. पन रोज मागाव लागते ना." नळ तिला पाण्यासाठी हवा होताच. त्याहून जास्त तो हवा होता रोज मागावं लागू नये म्हणून. योजना आली तेव्हा वस्तीतल्या बायका तिला म्हणाल्या, "तुह्या भाऊच हाय तं कंपनीत, आपला नळ सगळ्यात आधी." बाई काही बोलली नसेल, पण मान ताठ केली असणार. मी ओळखतो तिला.

आता पाईपांची गोष्ट. वस्तीकडच्या भागाचे पाईप आले होते, कॅम्पात रचून ठेवले होते. तेवढ्यात कंपनीच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामावर पाईप कमी पडले. तिथे पाईप पोचले की बिल लगेच पास होणार होतं, इथे अजून खोदायचंच होतं. इथले पाईप तिकडे पाठवावेत अशी शिफारस करणारी टिपणी मी लिहिली. मुद्देसूद, एका पानाची. दोन दिवसांत ट्रक भरून गेले. नवे पाईप केव्हा येतील ते कारखान्यालाही माहीत नव्हतं. थोडक्यात, आमच्या पुढ्यात मोठा उशीर उभा होता आणि तो सोळा आणे आमचाच होता.

उशिराला करारात दंड असतो. दंडातून सुटायचा रस्ताही करारातच असतो. साइटवर एक हिंडरन्स रजिस्टर ठेवतात, म्हणजे अडथळ्यांची वही. काम कशामुळे अडलं, कोणत्या तारखेला अडलं, कोणत्या तारखेला मोकळं झालं, असे रकाने. खाली कंपनीची सही आणि सरकारी विभागाच्या इंजिनिअरची सही. अडथळा आमचा नसेल तर तेवढे दिवस आम्हाला वाढवून मिळतात. आता अडथळे कोणते दाखवायचे? पाऊस म्हणावं तर तहसीलच्या नोंदीशी जुळायला हवा. नकाशे उशिरा मिळाले म्हणावं तर विभागाचे इंजिनिअर सही करत नाहीत, कारण नकाशे त्यांनीच द्यायचे असतात. राहतो तो 'स्थानिकांचा विरोध'. फार गुणी अडथळा. सही करणाऱ्या दोघांपैकी कोणाचाच त्यात दोष नसतो. दोष तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याला कोणी रजिस्टर दाखवत नाही.

मी तिसरा शोधत होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो आपल्या पायानं चालत कॅम्पवर आला. सोबत पिशवीभर संत्री घेऊन.

बाई आली होती, आणि तिच्यासोबत वस्तीतले गुरुजी. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. आमच्या पत्र्याच्या ऑफिसात कूलरसमोर दोघं अंग चोरून बसले.

"साहेब, एक विनंती होती," गुरुजी म्हणाले.

"साहेब कायले म्हनता गुरुजी?" बाई म्हणाली. "माह्या भाऊ हाय थो. लहानपनी माह्याच मांडीवर मुतला."

शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट खाली वाकून काहीतरी शोधायला लागला.

विनंती अशी होती. आमच्या माणसांनी विहारासमोरच्या रस्त्यावर चुन्यानं खोदकामाच्या रेघा मारल्या होत्या. आठवड्यावर जयंती. विहारापासून मिरवणूक निघते, म्हाताऱ्या बाया असतात, लेकरं नाचतात, डीजेची गाडी येते. खोदून ठेवलं तर कोणीतरी नालीत पडेल.

"चार दिवस थांबा, बस," गुरुजी म्हणाले. "मंग बिनधास्त खोदा. पोरं मदतीलेबी देतो."

मी तेव्हा काय म्हणू शकलो असतो, त्याची उजळणी मी इतक्यांदा केली आहे की आता ती पाठ झाली आहे. 'गुरुजी, पाईपच नाहीत. चार दिवस सोडा, चार महिने तिथे कुदळ पडत नाही. खुशाल नाचा.' एवढं म्हणालो असतो तर ते चहा पिऊन गेले असते. पण पाईप नाहीत ही गोष्ट कॅम्पाबाहेर जाऊ द्यायची नव्हती. आणि मी म्हणालो, "तोंडी नको गुरुजी. लिहून द्या."

"हाव, हाव. लिहून देतो ना."

"आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. एकट्यादुकट्याचा अर्ज कोणी वाचत नाही."

त्या वेळी माझ्या मनात काही होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. होतं.

तिसऱ्या दिवशी अर्ज आला. आमचा भाग हद्दीपलीकडच्या हिंदी राज्यात मोडतो, त्यामुळे बोलणं मराठीत आणि कागद हिंदीत असा रिवाज आहे, त्याप्रमाणे हिंदीत. गुरुजींनी पट्टीनं समास आखून, मोत्यासारख्या अक्षरात लिहिला होता. सविनय निवेदन, चार दिवस काम थांबवण्याची कृपा व्हावी, योजनेबद्दल शासनाचे आभार. खाली एकसष्ट सह्या आणि अंगठे. पहिली सही बाईची, कारण महिला मंडळाची अध्यक्ष तीच. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. बाई त्या शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली. "पक्कं झालं म्हना," ती म्हणाली.

पक्कं झालं होतं. त्या संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये नोंद केली: वस्तीच्या रहिवाशांचा कामास लेखी विरोध, एकसष्ट सह्यांचे निवेदन सोबत जोडले आहे, काम थांबले. सुरुवातीची तारीख टाकली. शेवटच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला.

माझ्या कलेतलं मर्म इथे आहे, म्हणून सांगतो. चार दिवसांनी त्या रकान्यात तारीख टाकली असती तर नोंद जवळजवळ खरी झाली असती. अर्ज खरा होता, सह्या खऱ्या होत्या, काम थांबलेलंही खरंच होतं. मी खोटं असं काही लिहिलं नाही. मी फक्त तारीख लिहिली नाही. पाच महिन्यांनी नवे पाईप आले त्या दिवशी लिहिली.

विभागाच्या इंजिनिअरनी भजी खात सही केली. "हे बरं झालं," ते म्हणाले, "माझ्या नकाशांचं तुम्ही काही काढलं नाही." माणूस वाईट नव्हता. वाईट माणसानं निदान अर्ज वाचला तरी असता.

पाच महिन्यांची मुदत वाढून मिळाली, दंड माफ झाला. प्रोजेक्ट मॅनेजर कॅम्पातल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही वर्षभर खोदलं, आणि यांनी एका पानानं प्रोजेक्ट वाचवला." मला बढती मिळाली. पुढे नागपूरला नव्या भरतीचं ट्रेनिंग होतं, त्यात 'पुरावा कसा असावा' या विषयावर मी बोललो. ते पान आणि तो अर्ज मी भिंतीवर मोठा करून दाखवला. बाईची सही वीतभर दिसत होती. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची ती सही, शेवटच्या अक्षराला वर नेलेलं शेपूट. एका मुलीनं हात वर केला, "सर, इतका क्लीन पुरावा मिळतो कसा?" मी म्हणालो, "लोकांशी संबंध चांगले ठेवावे लागतात." सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

नवे पाईप आधी मोठ्या गावांकडे लागले, वस्तीचा फाटा राहिलाच होता; मग विभागाचं एक पत्र आलं. योजनेतल्या फाट्यांची सुधारित यादी होती, आणि शेवटून तिसऱ्या ओळीत वस्तीचा फाटा. शेरा असा: रहिवाशांचा लेखी विरोध असल्याने सदर लांबी वगळण्यात येत आहे.

हे मी आधी ओळखायला हवं होतं. दुसऱ्याच्या कागदाचा अर्थ काय होईल हे तीन चालींआधी ओळखण्याची मला ख्याती होती. आपलाच कागद उलटून कोणाच्या घरात शिरेल, ते दिसलं नाही. पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. सोळाव्या दिवशी मी ते फाइलला लावलं.

आजूबाजूच्या गावांत नळ आले. पहिल्या दिवशी लोकांनी तोट्यांना हार घातले. वस्तीत हार नाही की तोटी नाही. बायका बागेतल्या विहिरीवर जातच राहिल्या. तिथे बागेत कामाला येणाऱ्या दुसऱ्या गावच्या बाया त्यांना आता विचारायला लागल्या, "काऊन व, तुमच्याइकडे नळ नाई आला?" बाई माझी बाजू घ्यायची. "माह्या भाऊ लागला हाय त्याच्या मागं. कागदात कायतरी अटकलं म्हनते." हे मला भाच्याकडून कळलं. कागदात अटकलं होतं, हे तिचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं.

सव्वा वर्षानं विभागाकडूनच एक वाट निघाली. वस्तीचं नाव गाळलं कसं म्हणून वरून विचारणा झाली होती. इंजिनिअर मला म्हणाले, "रहिवाशांचं एक पत्र आणून द्या, आम्ही आमचा विरोध मागे घेतो म्हणून. दोन ओळी. फाटा परत यादीत घेतो." मला वाटलं, सुटलो. त्याच दिवशी मी दोन ओळींचं पत्र टाइप केलं, सह्यांसाठी खाली भरपूर जागा सोडली आणि रविवारी वस्तीत गेलो.

विहाराच्या ओट्यावर वंदना नुकतीच झाली होती. जयभीम झालं, चहा आला. गुरुजींनी चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

"विरोध? कोनाचा विरोध?"

"काका," एक सूनबाई म्हणाली, "आमी तं नळ येनार म्हनून टाकी घेऊन ठेवली. त्याच्यात आता तूर ठेवली हाय."

लोक हसले. मीही हसलो. म्हणालो, "ती नुसती कागदाची भाषा असते. सही करा, नळ येतो."

"कागदाची भाषा हाय म्हनूनच तं वाचून राहिलो," गुरुजी म्हणाले.

"विरोध केलाच नाई तं मांगं काय घेऊ?" बाई म्हणाली. "उद्याले लेकरं वाचतीन, का या वस्तीनं पानी नोको म्हनलं होतं. सही करायची म्हनजे हो म्हननंच झालं ना?"

कोपऱ्यात एक म्हातारबा बसले होते. ऐकू कमी यायचं, पण हे ऐकू आलं. "पान्याले आमी कवाच नाही म्हनलं नाई बापा," ते म्हणाले. "आमाले नाही म्हननारे दुसरे होते."



मी अजून एकदा जोर लावला. "कोण्या क्लार्कची चूक असेल. त्याच्यापायी तुम्ही तहानलेले राहणार का?"

"मंग त्या क्लार्कनं लिहून द्यावं," गुरुजी म्हणाले. "चूक ज्याची, सही त्याची." आणि सगळे माझ्याकडे वळले, अगदी भरवशानं. "तुमी आतले मानूस हा. तुमी पता लावा."

"लावतो," मी म्हणालो.

एकसष्ट सह्यांची जागा सोडलेला तो कागद मी कोराच परत आणला. कंपनीत आयुष्य गेलं, पण अर्धा पेला पाण्यासाठी कोणीही कशावरही सही करतं असंच मी पाहत आलो होतो. खुद्द मी काय काय केलं होतं. आणि ही माणसं, ज्यांना रोज दुसऱ्याच्या विहिरीवर उभं राहावं लागत होतं, ती दोन शब्दांसाठी नळ सोडून बसली.

त्यानंतर दर आठवड्याला बाईचा फोन. "लागला का पता?"

"शोधून राहिलो, बाई."

"लपून बसला असन मेला. सोडू नोको त्याले."

"नाही सोडत."

असे सहा-सात महिने गेले. मी कबूल केलं नसतं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण अशा गोष्टींत शेवटी माणसाचं मन जागं झालं असं दाखवायची पद्धत आहे. माझं मन जागंच होतं. नुसतं पडून होतं. झालं असं की गुरुजींनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. वस्तीनं विरोध केल्याचा मूळ कागद मागितला. महिन्याभरात त्यांच्या हातात रजिस्टरच्या पानाची नक्कल येणार होती आणि खाली माझी सही असणार होती. ती यायच्या आठ दिवस आधी मी बाईकडे गेलो. याला कबुली म्हणावं की आगाऊ नोटीस, हे तुम्हीच ठरवा.

दुपारची वेळ होती. बाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी त्या पानाची आणि जोडलेल्या अर्जाची नक्कल काढून नेली होती. तीच पुढे ठेवली. तिनं हात पदराला पुसले, बोट ठेवून ठेवून वाचलं.

"हे तं माही सही हाय. अर्जावरची."

"हो."

"अन् हे खालची कोनाची?"

"माझी."

तिनं परत पहिल्या ओळीपासून वाचलं. मला वाटत होतं ती विचारेल, का केलं. मी त्याचं उत्तर तयार करून नेलं होतं. नोकरी, दोन मुलींची शिक्षणं, वरचा दबाव, सगळं मुद्देसूद. तिनं ते विचारलंच नाही. तारखांच्या रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "आमी तं चारच दिवस म्हनलं होतं. हे पाच महिने कोठून आले?"

"पाईप नव्हते."

"कोठी गेले होते?"

"दुसऱ्या कामावर. मीच पाठवले होते."

तिनं पुढची शेंग उचलली आणि म्हणाली, "पाईप नाई असं सांगतलं असतं तं आमी थांबलो असतो. आमी थांबतच आलो ना रे आतावरी. त्याच्यासाठी आमाले वाईट कायले करा लागत होतं?"

मी खाली सांडलेल्या शेंगा गोळा करू लागलो.

"वस्तीत मी नाई सांगनार," ती म्हणाली. "तू सांगशीन. रविवारी."

रविवारी मी सांगितलं. उभं राहून, सगळ्यांसमोर. माझी भाषा आपोआप पत्रासारखी होत होती, 'माझ्याकडून अनवधानाने' असं काहीतरी निघालं. त्यावर मागून एका पोरानं विचारलं, "काका, अनवधानानं का जानून?" मी म्हणालो, "जाणून." मग गोंधळ झाला. म्हातारबांना कोणीतरी कानात ओरडून समजावलं तेव्हा ते म्हणाले, "आपलाच व्हय का थो? मंग तं बराबर हाय. पराया असता तं इतक्या दिवसात घावला असता." सगळ्यात जास्त लागलं गुरुजींना. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मी समास आखून लिहिला होता हो तो अर्ज." आणि चष्मा काढून बसले.

मग मी लेखी जबाब दिला. विरोध झालाच नव्हता, उशीर पाईपांमुळे झाला, नोंद माझी. एक प्रत कंपनीला, एक विभागाला. मला वाटलं होतं भूकंप होईल. कंपनीनं कळवलं की सदर जबाब कौटुंबिक दबावाखाली दिलेला दिसतो, सबब तो विचारात घेता येत नाही. मला काढलं नाही. काढलं असतं तर पान खोटं होतं असं झालं असतं. माझी बदली केली आणि ट्रेनिंगमधून ते पान तेवढं उतरवलं. विभागाचे इंजिनिअर तर हातच जोडायला लागले. "अहो, त्या पानावर माझीपण सही आहे. जुनं कशाला उकरता? वस्तीकडून नव्या मागणीचा अर्ज घ्या. नव्या मागणीला मागचं काही विचारत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा मी लेखी खरं बोललो होतो आणि ते कोणालाच नको होतं. पण वाट चांगली होती. विरोध मागे घ्यायचा नाही, चूक कोणाची ते काढायचं नाही, नुसतं पाणी मागायचं. मी बाईकडे गेलो आणि म्हणालो, मसुदा मी करून देतो.

"नोको," ती म्हणाली. "तू कागद आन फक्त. लिहीन मी."

"हिंदीत लिहावं लागतं."

"कायले? त्या साहेबाची माय आपल्या इकडच्या लोधीखेड्याची हाय. त्याले मराठी वाचता येते."

मी कागद आणले. चार बायकांमध्ये बसून, एकेक अक्षर पाडत तिनं तीन ओळी लिहिल्या. आमच्या वस्तीत नळ द्यावा. आम्ही या आधी कधीच नाही म्हटले नव्हते, लिहिणाऱ्याने चूक लिहिले. चार दिवसांचे पाच महिने केले.

पहिली ओळ उत्तम होती. उरलेल्या दोन ओळी मी वाचल्या आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या हाताला खाज सुटली. नव्या मागणीत कोणी जुनं घालत नाही. या दोन ओळींमुळे फाइल उघडेल, खुलासे मागवले जातील, इंजिनिअर ती दाबून ठेवतील. कोणताही कमर्शियल मॅनेजर त्या ओळी डोळे मिटून खोडेल.

बाई माझ्याकडे पाहत होती. "काय झालं?"

"काही नाही."

"हे काढलं तं लवकर होईन का?"

"होईल."

"अन् ठेवलं तं?"

"उशीर लागेल. किती ते नाही सांगता येत."

तिनं बायकांकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, "ठेवा ना आत्या. टाकीत तूर हायच." मग सह्या सुरू झाल्या.

उशीर लागला. आणखी एक अख्खा उन्हाळा गेला. अर्ज तीनदा परत आला, 'अनावश्यक मजकूर वगळावा' म्हणून, आणि तिन्ही वेळा बायकांनी तो जसाच्या तसा परत नेऊन दिला. शेवटी मंजुरीचं पत्र निघालं आणि हिवाळ्यात, कापूस वेचणी चालू असताना, वस्तीत नळ आले.

मंजुरीचं पत्र वाचून दाखवायला बाईनं मला बोलावलं होतं. पत्र सरकारी हिंदीत, लांबलचक. पाईप किती जाडीचा, लांबी किती, यातलं काही तिनं ऐकलं नाही. शेवटी एक वाक्य होतं: रहिवाशांचा पूर्वी विरोध नव्हता, या त्यांच्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. ते तिनं मला तीनदा वाचायला लावलं. मग कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"याच्यावर तुही सही कोठी हाय का?"

"नाही."

"बरं हाय," ती म्हणाली.